लायब्ररी कुणाची?

माझे विषय उर्दू आणि मराठी. तरी आज इलेक्ट्रॉनिक्सवर लिहितो आहे, कारण आपली बरीच मुले डिप्लोमाला जातात आणि हा प्रश्न ज्ञान जपण्याचा आहे.

सर्किट बोर्डाची रचना आता संगणकावर होते. त्यासाठी प्रत्येक सुट्या भागाची नोंद लागते: आकृतीतले चिन्ह, बोर्डावर बसायच्या जागेचे माप, कोणती पिन कुठे. या नोंदींचा संग्रह म्हणजे लायब्ररी. बीसी ५४७ आणि टूएन ३९०४ हे ट्रान्झिस्टर दिसायला सारखेच. सपाट बाजू समोर आणि पाय खाली धरले, तर पहिल्याचे क्रम डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुसऱ्याचे नेमके उलट. नोंद चुकली तर छापून आलेले शंभरच्या शंभर बोर्ड चुकतात.

हदीस स्वीकारताना रावींची साखळी तपासली जाते. इथेही तेच विचारावे: नोंद कुठून आली? डेटाशीटशी कुणी ताडून पाहिली?

दुसरा प्रश्न मालकीचा. ‘ईगल’ हे सॉफ्टवेअर अनेक विद्यार्थी वापरत. ऑटोडेस्कने ते २०१६ मध्ये घेतले आणि २०२३ मध्ये जाहीर केले की ७ जून २०२६ पासून त्याची विक्री आणि साहाय्य बंद. निर्णय कंपनीचा, धावपळ वापरणाऱ्यांची.

याउलट ‘कीकॅड’. फ्रान्समध्ये ज्यां-पिएर शारास यांनी १९९२ साली सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर. पुढे ‘सर्न’नेही हातभार लावला. त्याच्या लायब्ऱ्या साध्या मजकुराच्या फायलींत असतात. वापरा, सुधारा, वाटा. श्रेय द्या आणि सुधारलेला संग्रह वाटलात तर त्याच अटीवर वाटा, एवढीच मागणी. मला यात वक्फची कल्पना दिसते: मूळ विकायचे नाही, लाभ सर्वांचा.

‘माझी मेहनत फुकट का द्यायची?’ असे कुणी विचारेल. पण त्या लायब्ररीतून बनवलेले तुमचे डिझाइन खुले करण्याची सक्ती नाही. वीट सर्वांची, घर तुमचे.

आज मुलगा पास होतो, त्याचा संग्रह पेनड्राइव्हमधून त्याच्याबरोबर जातो आणि पुढची तुकडी पुन्हा शून्यापासून सुरू करते. प्रत्येक कॉलेजने एक सामाईक लायब्ररी ‘गिट’वर ठेवावी. कुणी, कधी, काय बदलले याची नोंद तिथे राहते. नवी नोंद दुसऱ्याने तपासल्याशिवाय आत घेऊ नये. याला पैसा लागत नाही, शिस्त लागते. इल्म ही अमानत आहे, असे आपण जुम्म्याला ऐकतो. ती सोपवण्याची व्यवस्थाही आपणच करायची असते.