वस्तू आणि तिची जागा

शेणाचा गोळा लोटीत नेणारा किडा पेण-रोह्याकडील मुलांनी गुरांच्या वाटेवर पाहिला असेल. प्राचीन इजिप्तमधील लोकांनाही तो परिचित होता. गोळ्यातून नवे किडे बाहेर पडताना पाहून त्यांनी त्याला पुनर्जन्माचे प्रतीक मानले आणि उगवत्या सूर्याच्या खेप्री नामक देवास त्याचेच रूप दिले. या किड्याच्या आकाराचे लहानसे दगडी ताईत ते घडवीत, आरपार भोक पाडून दोऱ्यात ओवीत आणि अंगावर बाळगीत. मृतांच्या देहावरही असे ताईत ठेवीत.

असे हजारो ताईत आज जगातील संग्रहालयांत आहेत. त्यांतील अनेकांच्या तळाशी तिसरा थुटमोस या राजाचे नाव चित्रलिपीत कोरलेले आढळते. तेव्हा ताईत त्याच्याच काळातला, म्हणजे सुमारे ३,४५० वर्षांपूर्वीचा, असे कोणीही म्हणेल. परंतु हे नाव शुभ मानून लोक पुढे कित्येक शतके ते ताइतांवर कोरीत राहिले! मग खरा काळ कसा ठरवावा? ताईत कोणत्या थडग्यात, कोणत्या वस्तूंसोबत सापडला, हे ठाऊक असेल तर उलगडा होऊ शकतो. चोरट्यांनी थडगी फोडून विकलेल्या ताइतांची ही माहिती मात्र कायमची नष्ट झाली.

आता आपल्याकडे पाहा. रोह्याच्या दक्षिणेस कुडा येथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखांत एका माळ्याच्या व एका लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या दानाची नोंद आहे. लेख जागच्या जागी राहिले, म्हणूनच कोणते दान कोणाचे, हे आजही सांगता येते.

यास्तव माझे स्पष्ट मत असे, की शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना जुने नाणे वा मूर्ती सापडली, तर ती घासूनपुसून घरी नेऊ नये. विकू तर मुळीच नये. जागा नीट लक्षात ठेवावी आणि वडीलधाऱ्यांना सांगावे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारकच आहे.

‘घरी नेल्याने वस्तू निदान सुरक्षित राहील,’ असे कोणी म्हणेल. मुलांनो, वस्तू राहील खरी. पण उद्या तुमच्यासारख्याच एखाद्या जिज्ञासूने ‘तू कोणाची, कोठली?’ असे विचारले, तर ती मुकीच राहील.