गल्ल्यातला बट्टा

रात्रीचे साडेनऊ. पुण्याच्या रविवार पेठेतल्या एका दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं. गल्ला तिसऱ्यांदा मोजून झालाय. पुस्तकी शिल्लक 18,462, हातात 18,435. गल्ल्यावरचा मुलगा खिशातून दहाच्या दोन नोटा, एक पाचचं आणि एक दोनचं नाणं काढून आत टाकतो आणि रोजमेळावर ‘बरोबर’ अशी खूण करतो.

त्या क्षणी रोजमेळ खोटा होतो. रक्कम जुळली, पण सत्तावीस रुपये का कमी पडले हे आता कुणालाच कळणार नाही.

उमेदवारीच्या काळात मी ज्या पेढीवर बसत असे, तिथे नियमच होता: कमी पडले तर तुझे, जास्त आले तर पेढीचे. महिन्याभरात आम्ही सगळे एक गोष्ट शिकलो. जास्तीचे पैसे एका डबीत ठेवायचे आणि कमी पडले की त्यातून भरायचे. कसलीच नोंद नसलेला तो दुसरा गल्लाच होता. पुढे एकदा मोठी रक्कम कमी आली तेव्हा वर्षभराचा रोजमेळ उघडला, तर त्यात एका रुपयाचाही फरक नव्हता. शोध घ्यायचा कुठून?

याच पुण्यात पेशवाईत अंकुशी, चांदवडी आणि इतर टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत. वजन आणि कस सारखा नसे, म्हणून एका नाण्याचा हिशेब दुसऱ्यात करताना बट्टा धरावा लागे. तो कुणी खिशातून भरून लपवायचा नव्हता, हिशेबात मांडायचा होता. आज तोच शब्द आपण ‘नावाला बट्टा लागला’ असा वापरतो. सत्तावीस रुपयांचा फरकही आपण त्याच नजरेने पाहतो, हिशेबातली रक्कम म्हणून नव्हे, तर माणसावरचा डाग म्हणून. म्हणूनच तो लपवला जातो.

कायदा इतका उतावळा नाही. नोकराकडे सोपवलेल्या पैशात तूट आली, तर ती थेट त्याच्या हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे आली असेल तरच पगारातून कापता येते, आणि तीही त्याला बाजू मांडायची संधी देऊन. 1936 च्या वेतन कायद्यात हे होतं, 2019 च्या वेतन संहितेतही आहे. ‘कमी पडले तर तुझे’ हा सरसकट नियम यात बसत नाही. हिशेब पाहणारे म्हणून आपल्या अशिलांना हे स्पष्ट सांगणं आपलं काम आहे.

खतावणीत ‘रोकड फरक’ असं स्वतंत्र खातं उघडा. कमी आले तर फरक खाते नावे, रोकड जमा. जास्त आले तर उलट. नोंद त्याच रात्री व्हायला हवी. बिलाच्या पूर्णांकाचे पैसे यात मिसळू नका. चार आणे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली आणि आठ आणे कायद्याने चालत असले तरी दुकानात फारसं कुणी घेत नाही, त्यामुळे तो फरक रोजचा आहे आणि त्याचं कारण माहीत आहे. त्याचं खातं वेगळं. उचंत खात्यातही हा फरक ढकलू नका. तिथे गेलेली रक्कम 31 मार्चपर्यंत कुणी उघडून पाहत नाही.

नोंदीआधी पाच मिनिटं शोध मात्र घ्यावा. 27 ला नऊने भाग जातो, म्हणजे आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव आहे. चहावाल्याला दिलेले 85 खर्चात 58 लिहिले गेलेत का? हल्ली त्याहून जास्त वेळा दिसणारी चूक अशी: गिऱ्हाईकाने क्यूआर कोडवर पैसे दिले आणि बिल रोखीत फाडलं गेलं.

मी ज्या एका दुकानाचे हिशेब पाहतो, तिथे हे खातं चार महिने चाललं आणि मग दिसलं की तूट बहुतेक रविवारीच येते. रविवारी सातला पाळी बदलायची आणि गल्ला न मोजताच दुसऱ्याच्या हाती जायचा. आता तो सातला मोजून, सही घेऊन दिला जातो. फरक अजूनही पडतो, कधी तीन रुपये, कधी सात. तो लिहिला जातो आणि गल्ल्यावरचा मुलगा वेळेवर घरी जातो.