अकरा किलोंची पेटी

सेलूच्या एका तरुण वाचकाचे पत्र गेल्या महिन्यात आले. किराणा दुकान सांभाळून त्यांनी हॅम रेडिओची परीक्षा दिली, परवाना हाती पडला आणि आता संच घ्यायचा आहे. ते लिहितात, ‘काका, तुमच्याकडे जुना लिनिअर पॉवर सप्लाय आहे असे ऐकले. तसाच करून घ्यावा, की हल्लीचा हलका स्विचिंगचा घ्यावा? घरचे म्हणतात, दीड किलोत होणाऱ्या कामासाठी अकरा किलोंचे लोखंड कशाला?’

घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. व्यापाऱ्याच्या घरात वस्तू आधी वजनाने तोलली जाते आणि मग किमतीने.

ज्या वाचकांचा या विषयाशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हौशी लोकांचे बहुतेक रेडिओ संच 13.8 व्होल्टवर चालतात, कारण चालू मोटारीत बॅटरीचा दाब साधारण तेवढाच असतो. शंभर वॅटचा संच ऐकताना एक-दोन अँपिअर घेतो. बोलू लागलो की वीस अँपिअरपर्यंत मागतो. घरात येते ती 230 व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज. या दोहोंमध्ये जी पेटी बसते तिचे नाव पॉवर सप्लाय.

आमची पेटी दादांची, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंची. 1993 साली 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. दशलक्षण पर्वाची सांगता झाली, गावोगाव गणपती विसर्जन झाले आणि लोक थकून झोपले. 30 तारखेला पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीची धरणी हलली. मानवतच्या मोंढ्यातून धान्य-कपड्यांचा ट्रक गेला, त्याबरोबर दादा गेले. परत आले तेव्हा घरात ते फारसे बोलले नाहीत. एकच गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली. एका तंबूत एक गृहस्थ मोटारीची बॅटरी आणि लिंबाच्या झाडाला बांधलेली तार एवढ्या सामग्रीवर कागदावरची नावे सावकाश वाचत बसले होते. जी माणसे जिवंत सापडली त्यांची ती नावे. कुठल्याशा शहरात दुसरा कुणी ती लिहून घेत होता. भूकंपग्रस्त भागात दूरध्वनी बंद पडले तेव्हा हॅम मंडळींनी असे काम केले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. दादांनी ते डोळ्यांनी पाहिले.

पुढे त्यांनी परीक्षा दिली, मोर्सची कटकट शिकले. बाबांचा आक्षेप एवढाच होता की या यंत्रावर कापसाचा भाव विचारता येतो का? येत नाही. हौशी परवान्यावर धंद्याचे बोलणे चालत नाही. बाबा म्हणाले, ‘मग हा खर्च धर्मादाय खाती टाका.’ आणि वहीत तसे खरोखरच टाकले गेले.

त्या काळी तयार पॉवर सप्लाय आणणे परवडणारे नव्हते. परभणीत पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंग करणारे एक कारागीर होते. त्यांच्याकडून दादांनी ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. बाहेरच्या वेढ्यांना 14 गेजची दुहेरी तार आणि निघणारा दाब 18 व्होल्ट. ही वीज रेक्टिफायरमधून गेली की सुमारे साडेतेवीस व्होल्ट होते. मग 22,000 मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर तिच्यातले चढउतार भरून काढतात. त्यापुढे 723 क्रमांकाची लहानशी चिप आणि तिच्या हुकमात काम करणारे 2एन3055 जातीचे चार धातूचे ट्रान्झिस्टर. जास्तीचा दाब हे ट्रान्झिस्टर स्वतःवर घेतात आणि पुढे मोजून 13.8 सोडतात. जास्तीचे जे काही आहे ते उष्णता होऊन जाते. पूर्ण भारात आतला दाब उतरून 19 होतो. वीस अँपिअरने हिशेब केला तर 380 वॅटमधले 276 संचाला मिळतात आणि 104 पेटी तापवण्यात जातात. शंभराच्या मालावर सत्तावीस वाटेतच. स्विचिंगची पेटी हीच तूट बरीच कमी ठेवते, आणि तिला मोठा ट्रान्सफॉर्मर लागत नसल्याने ती हलकी असते.

एवढ्यावर निकाल द्यायचा तर तो स्विचिंगच्या बाजूने जाईल. पण आपला जिल्हा पुस्तकातल्या 230 व्होल्टवर चालत नाही.

रब्बीच्या दिवसांत पंप सुरू झाले की आमच्याकडे संध्याकाळी दाब 180 च्या खाली जातो, कधी 170. येलदरीचे वीजघर आपल्याच जिल्ह्यात, तरी गावच्या शेवटच्या खांबावरचा दिवा पिवळाच. दाब 170 झाला की 18 चे सव्वातेरा होतात, रेक्टिफायरनंतर पावणेसतरा उरतात, आणि भार पडला की तेही घसरतात. ट्रान्झिस्टरला वरचे दोन-तीन व्होल्ट हाताशी हवे असतात, ते मिळत नाहीत. मग पेटी 13.8 धरू शकत नाही आणि विजेची गुणगुण थेट आवाजात मिसळते. दादा बोलत तेव्हा पलीकडचा माणूस विचारी, ‘तुमच्याकडे पिठाची गिरणी चालू आहे काय?’

दादांनी यासाठी रोजकीर्दीची कोरी वही घेतली. रोज सकाळी सात, संध्याकाळी सात आणि रात्री अकरा, अशा तीन वेळच्या दाबाची नोंद. दीड वर्ष. मग त्याच कारागिरांकडून ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या वेढ्यांना 230, 200 आणि 170 अशी तीन तोंडे काढून घेतली आणि फिरता स्विच बसवला. गुणगुण गेली. पण त्यातून नवा धोका निघाला. संध्याकाळी स्विच 170 वर ठेवला, रात्री पंप बंद झाले आणि दाब 250 वर गेला, तर आतला दाब 35 व्होल्टच्या पुढे जातो. आणि कपॅसिटर तर 35 चेच होते. एका रात्री त्यातला एक फुगला. तेव्हापासून वहीच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत आहे : ‘निजण्यापूर्वी 230 वर. बाहेर जाण्यापूर्वी 230 वर.’ पुढे कपॅसिटर 50 व्होल्टचे घेतले, तरी ही सवय आमच्या घरात राहिली.

दादा गेले त्याला आता काही वर्षे झाली. परवाना वारसाने येत नाही. संच त्यांच्या परवानाधारक स्नेह्यांकडे गेला. पॉवर सप्लायला परवाना लागत नाही, म्हणून पेटी घरातच राहिली. भंगारवाल्याने तांब्याच्या भावाने मागितली होती. वहिनींनी त्याला चहा दिला आणि परत पाठवले. पुढे मी साठीच्या उंबरठ्यावर परीक्षेला बसलो. निर्बंधित श्रेणीला मोर्स नसते, एवढाच माझा पराक्रम. संच परत आला आणि पेटी पुन्हा सुरू झाली.

पहिल्या महिन्यात फ्यूजचा त्रास सुरू झाला. 7 मेगाहर्ट्झवर बोललो तर सारे ठीक. 14 वर बोललो की फ्यूज उडे. आठवड्यात सहा फ्यूज गेले. दुरुस्तीसाठी आलेल्या जाणकाराने पेटी उघडली, एका एससीआरवर बोट ठेवले आणि म्हणाला, ‘हे काढून टाका. उगाच फ्यूज खाते.’

या भागाला इंग्रजीत क्रोबार म्हणतात, म्हणजे आपली पहार. तिचे काम नावासारखेच आडदांड असते. पेटीतला एखादा ट्रान्झिस्टर आतून जोडला गेला, तर आतले साडेतेवीस व्होल्ट सरळ संचात घुसतात. बाहेरचा दाब 15-16 च्या वर गेला की ही पहार दोन तारांवर आडवी पडते, सगळा प्रवाह स्वतःवर घेते आणि फ्यूज उडवते. ती काढली तरी पेटी उत्तम चालते, मात्र ट्रान्झिस्टर जाईल त्या दिवसापर्यंतच.

मी ‘काढा’ म्हणणारच होतो. पण वही आठवली. चाळता चाळता दादांच्या अक्षरात सापडले : ‘14 वर फ्यूज जातो. रेडिओलहरी गेटमध्ये शिरतात. गेटवर 0.01 चा कपॅसिटर लावला. थांबले. पहार काढू नये.’ पेटीत पाहिले तर तो तांदळाच्या दाण्याएवढा कपॅसिटर होता. एक पाय सुटून लोंबकळत होता. डाग दिला. त्रास संपला.

पुढच्याच मे महिन्यात, दुपारी, पारा 43 च्या पुढे असताना मी बोलत होतो. पेटीत खट्कन आवाज झाला आणि संच बंद पडला. चारपैकी एक ट्रान्झिस्टर गेला होता. पहार पडली, फ्यूज उडाला. संचाला ओरखडाही नाही. ट्रान्झिस्टर किरकोळ किमतीचा. संच त्याच्या शेकडो पट. मी बराच वेळ पंखा लावून बसून होतो. त्या जाणकाराचे ऐकले असते तर काय झाले असते, हा हिशेब मी वहिनींना सांगितला नाही.

मध्यंतरी मी मुंबईहून स्विचिंगची एक पेटीही मागवली होती. स्वस्त होती, कोणत्या कारखान्याची ते लिहीत नाही. दाब 180 असो की 250, ती बाहेर 13.8 च देई, हे तिचे मोठेपण मान्य केले पाहिजे. पण ऐकताना पट्ट्यावर ठिकठिकाणी सूंऽऽ असा आवाज येई आणि दूरचे क्षीण आवाज त्याखाली दबत. चांगल्या बनावटीच्या स्विचिंगमध्ये हा दोष फारसा नसतो. एका स्नेह्यांकडे तशी आहे, मी शेजारी बसून ऐकली आहे. तेव्हा सेलूकरांनी तशीच घ्यायची असेल तर आधी संचाला जोडून, रिकाम्या पट्ट्यावर कान लावून घ्यावी. कापसाची गाठ आपण हात घालून पाहिल्याशिवाय घेतो का?

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. 21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोलीकडे 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला. आपल्या जिल्ह्यातही भांडी वाजली. आमच्या गल्लीतली वीज गेली. मी धावत पेटीपाशी गेलो आणि हसू आले. तीस वर्षे जपलेली ती पेटी विजेविना नुसता दगड होती. दुकानाच्या इन्व्हर्टरची 12 व्होल्टची बॅटरी उचलून आणली, तारा जोडल्या, तेव्हा संच बोलू लागला. मोबाइलही चालूच होते, त्यामुळे माझी कुणाला गरज पडली नाही, हे बरेच झाले. पण दादांना त्या तंबूत जे दिसले होते ते मला त्या सकाळी नीट दिसले. आता पेटीशेजारी चार्ज केलेली बॅटरी कायम असते, आणि तिच्या धन टोकालगत फ्यूज.

तर सेलूकर, पैसे मोजायला बसाल तेव्हा आधी बॅटरीचे बाजूला काढा, उरलेल्यातून पेटी घ्या. जागा, ऊन आणि वजन सोसणार असेल आणि चांगला कारागीर हाताशी असेल, तर लिनिअर करून घ्या. नाहीतर कान लावून स्विचिंग. पहार मात्र दोन्हींत असल्याची खात्री करून घ्या.

सेलूहून मानवत लांब नाही. रविवारी दुकान बंद असते, तेव्हा या. वही दाखवीन. पेटी मांडणीवरून उतरवायला मात्र तुमचा हात लागेल, माझी कंबर आता अकरा किलो उचलत नाही.