पावती आहे, रस्ता नाही

रस्त्यासाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहणारा माणूस एक दिवस म्हणतो, "रस्ता होत नसेल तर माझे पैसे परत द्या." त्यावर कार्यालयातले लोक हसतात आणि शेजारीही त्याला समजावू लागतात. सरकारात भरलेला पैसा कधी परत येतो का? माझ्या मते यायला हवा. निदान तो मागण्याचा हक्क तरी कायद्याच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलेला असायला हवा.

मी बोलतो आहे ते गुंठेवारीतल्या प्लॉटधारकांबद्दल. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकले गेले, लोकांनी आयुष्यभराची पुंजी घालून ते घेतले, घरे बांधली. 2001 मध्ये राज्याने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. सुरुवातीला 1 जानेवारी 2001 पर्यंतची बांधकामे त्यात बसत होती. 2021 च्या दुरुस्तीने ही तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे गेली. नियमित व्हायचे तर दोन रकमा भराव्या लागतात, प्रशमन शुल्क आणि विकास शुल्क. हा फरक नीट ध्यानात घ्यायला हवा. प्रशमन शुल्क ही झालेल्या अनियमिततेची किंमत, ती परत मागण्यात अर्थ नाही. विकास शुल्क मात्र पुढे मिळणाऱ्या गोष्टींसाठी घेतले जाते: रस्ता, गटार, पाण्याची लाइन, दिवे.

नागपुरात अशा वस्त्यांसाठी वापरले जाणारे '572 ले-आउट' आणि '1900 ले-आउट' हे शब्द पानठेल्यावरही ऐकू येतात. डिमांड, म्हणजे शुल्क भरण्याची नोटीस, आली का, आरएल, म्हणजे नियमितीकरणाचे पत्र, मिळाले का, ही तिथली रोजची विचारपूस. नागपूर सुधार प्रन्यासकडे नियमितीकरणाचे काम होते. 2019 मध्ये प्रन्यासचे नियोजनाचे अधिकार महापालिकेकडे गेले आणि पुढच्या सरकारच्या काळात परत फिरले. अशा अदलाबदलीत फायली हलतात, पण आपण भरलेली रक्कम फाइलबरोबर गेली की मागे राहिली, हे प्लॉटधारकाला कळायला मार्ग नसतो.

विदर्भातल्याच एका शहरात माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून विकास शुल्क भरले, तेही एकरकमी. काळ्या मातीत पहिला जोराचा पाऊस पडला की त्यांच्या गल्लीत दुचाकीचे चाक मडगार्डपर्यंत भरते. गॅस सिलिंडरवाला डांबरी रस्त्यावर थांबून फोन करतो. एका रात्री त्यांच्या यजमानांना खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून रुग्णवाहिकेपर्यंत नेले. पावती त्यांनी खरेदीखताबरोबर जपून ठेवली आहे. मुलीने विचारले, की एवढे पैसे भरून मिळाले काय, तर त्या ती पावती दाखवतात.

पैसे घेण्याच्या तत्त्वाविरुद्ध माझी तक्रार नाही. रस्ता आला की जमिनीचा भाव वाढतो आणि त्या वाढीचा काही वाटा रस्ता करणाऱ्याला मिळावा, हे न्यायाचेच आहे. मुंबई इलाख्यात 1915 च्या नगररचना कायद्यापासून ही कल्पना रुजलेली आहे. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही नगररचना योजनेखाली जमिनीच्या मूल्यवाढीचा जास्तीत जास्त निम्मा भाग मालकाकडून घेण्याची तरतूद आहे. पण या साऱ्या हिशेबाचा पाया 'वाढ' हा आहे. रस्ताच झाला नाही तर वाढ कसली, आणि वाटा कशाचा?

कर आणि शुल्क यांतला भेद सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात सांगितला: कराच्या बदल्यात ठरावीक सेवा मिळेलच असे नाही, शुल्क मात्र सेवेसाठी असते. पुढच्या निकालांनी हे नाते बरेच सैल केले, रुपयाला रुपयाची सेवा मोजून दाखवण्याची गरज उरली नाही. तरीही सेवा मुळीच न देता शुल्क ठेवून घेणे कोणत्या न्यायात बसते, ते मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

मालमत्ता कर थकला तर महापालिका महिन्याला 2 टक्के शास्ती लावते, म्हणजे वर्षाला 24. बिल्डरने ताबा द्यायला उशीर केला तर रेरा कायद्याच्या कलम 18 नुसार ग्राहक सगळी रक्कम व्याजासह परत मागू शकतो. नागरिकाला उशिराची किंमत आहे, बिल्डरला आहे. रस्त्याचे पैसे घेऊन बसलेल्या यंत्रणेलाही ती असायला हवी.

कोर्टात जायचे म्हटले तर दुसरी अडचण. पैशाच्या दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते, पण ती मोजायची कुठून? रस्ता होणार नाही असे लेखी कोणी कधीच देत नाही. अंदाजपत्रक तयार आहे, आधी मलवाहिनी टाकायची आहे, निविदा निघेल, आचारसंहिता संपू द्या. नकार नाही म्हणून दावा नाही, आणि दावा नाही म्हणून घाईही नाही.

कधी कधी रस्ता होतोही. निवडणुकीच्या आधी आमदार निधीतून सिमेंटचा पट्टा पडतो आणि कोपऱ्यावर 'यांच्या प्रयत्नांतून' असा फलक लागतो. लोक हार घालतात. मला या प्रसंगाचे फार वाईट वाटते. ज्या रस्त्याचे पैसे या घरांनी कधीच भरले, तोच त्यांना उपकार म्हणून मिळतो. आणि विकास शुल्काचे काय झाले, हे विचारायचे त्या आनंदात राहून जाते.

असा पैसा परत मिळाल्याचे उदाहरण बाहेर आहे. कॅलिफोर्नियातील सॅन क्लेमेंटे या किनारी गावाने 1989 पासून नव्या घरांकडून समुद्रकिनाऱ्यावरील पार्किंगसाठी शुल्क घेतले. वीस वर्षांत जमिनीचा एक तुकडा विकत घेण्यापलीकडे काही झाले नाही. तिथल्या कायद्याप्रमाणे न खर्चलेला पैसा अजून का लागतो, याचा खुलासा दर 5 वर्षांनी करावा लागतो, नाहीतर तो परत करावा लागतो. मालकांनी खटला भरला. 2015 मध्ये अपील न्यायालयाने सुमारे 1 कोटी 5 लाख डॉलर परत करण्याचा आदेश कायम ठेवला. पैसे मिळणार होते ते त्या वेळी ज्यांच्या नावावर घरे होती त्यांना. आपल्याकडे प्लॉट तीन-तीन हात फिरलेले असतात, त्यामुळे परतावा कोणाला हा प्रश्न इथेही येईल. उत्तर शोधणे अवघड नाही.

खरे सांगायचे तर त्या शिक्षिकाबाईंना पैसे नको आहेत. इतक्या वर्षांत त्या रकमेची किंमत किती घसरली, ते त्यांना माझ्याहून चांगले कळते. त्यांना रस्ता हवा आहे. म्हणून मला वाटते, पैसे भरल्यापासून 5 वर्षांत काम सुरू झाले नाही तर त्या रकमेवरचे व्याज दरवर्षी मालमत्ता करात वळते करावे आणि पूर्ण परतावा हा शेवटचा पर्याय ठेवावा. व्याज भरावे लागले की निविदा वेळेवर निघतील.

तोवर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो. 10 रुपये शुल्क आणि 30 दिवसांची मुदत. एकेकट्याने न करता ले-आउटमधल्या दहा-पंधरा घरांनी तो करावा. आमच्या ले-आउटमधून विकास शुल्क किती जमले, ते कोणत्या लेखाशीर्षात आहे, त्यातून इथे किती खर्च झाला, एवढेच विचारावे. अर्जात खसरा क्रमांक आणि पावती क्रमांक जरूर लिहावा. ते नसतील तर 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' एवढ्यावर अर्ज निकाली निघू शकतो.