मालकाच्या खुर्चीवरून

इंदूर-बडोद्याकडील आपली मंडळी बहुधा नोकरपेशाची. तरी आता पुष्कळ घरांतून छापखाना, औषधांचे दुकान, शिकवणीवर्ग अथवा लहानसा कारखाना चालतो. नोकरीचा कायदा आपण नेहमी नोकराच्या बाजूने वाचतो. या खेपेस तो मालकाच्या बाजूने वाचू.

बाईमाणसाचा पगार म्हणजे घरात वरकड, तेव्हा त्याच कामाला तिला थोडा कमी दिला तरी चालतो, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्याने ती बेकायदा ठरविली. त्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. काम सारखे की नाही, हे हुद्द्याच्या नावावरून ठरत नाही. कौशल्य, श्रम, अनुभव व जबाबदारी यांवरून ठरते. पुरुषाचा पगार कापून बरोबरी साधण्याची वाटही कायद्याने बंद केली आहे.

ऑड्री डिकॉस्टा या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत लघुलेखिका होत्या. पुरुष लघुलेखकांहून त्यांचे वेतन कमी होते. कंपनीचे म्हणणे असे, की युनियनशी तसा करारच झाला आहे. शिवाय कंपनीची स्थिती बेताची. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दोन्ही सबबी फेटाळल्या. आमच्या मते दुसरी सबब विशेष ध्यानात ठेवावी, कारण लहान धंदेवाईक प्रथम तीच पुढे करतो. समान वेतनाचा कायदा मालकाची ऐपत पाहून लागू होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले.

आता मुलाखत. ‘लग्न कधी करणार?’, ‘मुलेबाळे?’ हे प्रश्न आपण जिव्हाळ्याने विचारतो, निदान तसे समजतो. परंतु सारख्या कामासाठी माणूस निवडताना स्त्री म्हणून डावलण्यासही संहितेची मनाई आहे. मग त्या उत्तरांचा उपयोग तरी काय? आयुर्विमा महामंडळ उमेदवार स्त्रियांकडून मासिक पाळी व गर्भारपण यांविषयी लेखी माहिती घेत असे. ती खरी दिली नाही म्हणून एका बाईंना कामावरून दूर केले गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्यास आणि ते रकाने गाळण्यास सांगितले.

पदरी दहा वा अधिक माणसे असल्यास २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री, निदान निम्मे सभासद स्त्रिया, आणि एक सभासद संस्थेबाहेरचा. नेमणुकीचा हुकूम कामाच्या जागी ठळकपणे लावावा.