चिक्कीच्या हिशेबातली राहून गेलेली ओळ

थंडी पडली की घराघरांत शेंगदाणे आणि गूळ एकत्र येतातच. मूठभर भाजलेले दाणे आणि गुळाचा खडा यावर आपल्या कितीतरी पिढ्यांनी दुपार काढली आहे. त्याच दोन वस्तू पाकात बांधल्या की चिक्की होते. आजचा हा लेख चिक्कीचा आहे, तसाच हिशेबाचाही आहे. कारण या चिक्कीने आमचीच एक चूक आम्हाला दाखवून दिली.

आधी कृती सांगतो. पाव किलो शेंगदाणे, 200 ग्रॅम चिक्कीचा गूळ आणि एक मोठा चमचा तूप एवढे सामान पुरे. दाणे निवडताना कंजुषी करू नका. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे सरळ फेकून द्या. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की कोंबड्या मेल्या. त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीवर बुरशी होती. त्या बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन असे नाव मिळाले. हे विष भाजल्याने पूर्णपणे जात नाही. म्हणून निवडण्याचे काम पाखडण्याइतकेच महत्त्वाचे समजावे.

दाणे मंद आचेवर, सतत हलवत भाजा. घाई केली तर वरून डाग पडतात आणि आत दाणा कच्चा राहतो. गार झाले की हाताने चोळून, सुपात पाखडून साले काढा आणि दाण्यांच्या पाकळ्या करा. पाक सुरू करण्यापूर्वीच पोळपाटाला, लाटण्याला आणि सुरीला तूप लावून ठेवा. पुढे तेवढीही उसंत मिळत नाही.

आता जाड बुडाच्या कढईत तूप आणि चिरलेला गूळ घाला. पाणी घालू नका. गूळ विरघळेल, मग फसफसेल. गॅस मंदच ठेवा. वाटीत गार पाणी घेऊन त्यात पाकाचा थेंब टाका. थेंब मऊ राहिला, बोटाने दाबला गेला, तर पाक कच्चा आहे. अशी चिक्की दाताला चिकटते. थेंब काचेसारखा कडक झाला आणि मोडताना ‘टक्’ असा आवाज आला की पाक झाला. यानंतर अर्धा मिनिटही थांबलात तर गूळ जळून कडू होईल. ताबडतोब गॅस बंद करा, दाणे घाला, भराभर ढवळा, पोळपाटावर ओता आणि लाटा. गरम असतानाच सुरीने वड्यांच्या रेघा पाडा. गार झाल्यावर रेघा पडत नाहीत, तुकडे पडतात. गूळ हवेतील ओलावा ओढतो, म्हणून चिक्की पूर्ण गार झाली की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. उकळता पाक हातावर पडला तर तो त्वचेला चिकटून भाजतो. त्यामुळे लहान मुलांना कढईपासून लांब ठेवावे.

शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात. मुलाच्या हातात चकचकीत पाकिटातील गोळी देण्यापेक्षा चिक्कीची वडी दिलेली केव्हाही बरी. मात्र अगदी लहान बाळाला अख्खा दाणा देऊ नये, घशात अडकतो. गूळ झाला तरी तो गोडच, हेही मधुमेह असलेल्यांनी विसरू नये.

शेंगदाणा म्हटला की आपल्या वाचकांना जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आठवल्याशिवाय राहत नाहीत. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकाने 1981 पासून हा माणूस मराठी घरांत नेला. गुलामीत जन्मलेला हा कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ अमेरिकेतील अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे शिकवत होता. सतत कापूस घेऊन तिथल्या जमिनी निकस झाल्या होत्या. शेंगदाण्याच्या मुळांवरील गाठी हवेतला नत्र जमिनीला देतात, म्हणून त्याने शेतकऱ्यांना शेंगदाणा लावायला सांगितले. पण नुसते ‘लावा’ म्हणून तो थांबला नाही. पिकवलेल्या दाण्याचे घरी काय करायचे, हेही त्याने सांगितले. 1916 साली त्याने एक पुस्तिका काढली आणि तीत शेंगदाण्याचे 105 खाद्यप्रकार दिले. गरीब घरातील ज्ञान आणि श्रम यांना मोल असते, हे तो जाणून होता. आम्ही मात्र ते ऐनवेळी विसरलो. ते कसे, ते आता सांगतो.

आमच्या वस्तीतील महिलांच्या बचत गटाने शाळेच्या स्नेहसंमेलनात चिक्कीचा स्टॉल लावायचे ठरवले. हिशेब मांडायला अर्थातच आम्हाला बोलावले. आम्ही बी.कॉम. आहोत आणि ऑफिसात इतरांचा हजेरीपट सांभाळतो. सहा बायका दुपारी बसल्या, त्यांत आमच्या सौ. देखील होत्या. पहिला घाणा कच्चा राहिला, तो पुन्हा आटवावा लागला. एकीच्या बोटाला चटका बसला. रात्री काम संपले तेव्हा सहा तास झाले होते.

आम्ही वही उघडली. शेंगदाणे पाच किलो, 750 रुपये. गूळ चार किलो, 280. तूप 100, गॅस 80, पाकिटे आणि चिठ्ठ्या 120. एकूण 1,330 रुपये. चुरा वगळून शंभर ग्रॅमची 80 पाकिटे झाली. पंचवीस रुपयांना एक विकले तर 2,000 रुपये येणार. ‘नफा 670 रुपये!’ आम्ही मोठ्या आवाजात जाहीर केले. टाळ्या पडल्या.

एक मावशी तेवढ्या गप्प होत्या. त्या चार घरची धुणीभांडी करतात. त्या म्हणाल्या, “भाऊ, एक विचारू का? गॅस धरला, चिठ्ठीसुद्धा धरली. यात आम्ही कुठं आहोत?”

आम्ही म्हणालो, “मावशी, हे तर आपले घरचे काम.”

“घरचं कसं? विकायचंय ना? लोकांची भांडी घासते तिथं माझ्या कामाला पैसे आहेत. आणि इथं आपल्याच वहीत नाहीत?”

आम्हाला उत्तर सुचले नाही. ऑफिसात कुणाचा अर्धा तास ओव्हरटाईम राहिला तर आम्ही बिल परत पाठवतो. इथे सहा बायकांचे 36 तास आमच्या नजरेतून सुटले होते. 670 ला 36 ने भागले तर तासाला साडेअठरा रुपये पडतात. त्याला आम्ही नफा म्हणत होतो. ती मजुरी होती आणि तीही अपुरी.

आम्ही पान फाडले नाही. त्याखालीच नवीन ओळ लिहिली: ‘श्रम, 36 तास, दर 50 रुपये, एकूण 1,800.’ खर्च 3,130 झाला आणि एका पाकिटाची किंमत 39 रुपयांच्या वर गेली. स्नेहसंमेलनात ती कुणी देणार नव्हते. त्या दिवशी पाकिटे पंचवीसलाच विकली, पण वहीत तोटा लिहून.

पुढच्या वेळी गटाने कामच बदलले. दाणे आदल्या दिवशी निवडून भाजून ठेवले, पाकाला एकच हात ठरवला. चौघींनी पाच तासांत तेवढाच माल केला. श्रमाचे 1,000 धरून खर्च 2,330 झाला. पाकीट 30 रुपयांना विकले आणि 2,400 आले. प्रत्येकीच्या हातात 250 रुपये आणि गटाच्या खात्यात 70. तासाला पन्नास ही काही मोठी मजुरी नव्हे, याची आम्हाला जाणीव आहे. पण जी ओळ वहीत आहे तिच्यावर भांडता येते. जी नाहीच तिच्यावर काय भांडणार?

विक्री नेहमीची करायची असेल तर अन्न सुरक्षा कायदा, 2006 प्रमाणे नोंदणी करून घ्यावी. पाकिटावर शेंगदाणे असल्याचे स्पष्ट लिहावे, कारण काहींना ते सोसत नाहीत.

तेव्हा भगिनींनो, चिक्की घरासाठी केलीत तर हिशेब नको, ती आनंदाने खा आणि शेजारी द्या. पण विकायला केलीत, किंवा पापड, लोणचे, मसाला काहीही विकायला केलेत, तर वहीत सर्वांत वरची ओळ आपल्या तासांची लिहा. आणि बंधूंनो, हिशेब आपल्याकडे असेल तर ती ओळ आधी विचारून घ्या. मावशींना पुन्हा विचारायला लावू नका.