नावे पाच, आधार एक

व्यापारी घरांतील नवी पिढी एकाच दुकानाच्या गल्ल्यावर समाधान मानून बसत नाही, हे आता सर्वत्र दिसू लागले आहे. कापडाची पेढी वडिलांकडे राहते आणि मुलगा किंवा सून इंटरनेटवर चार-पाच लहान व्यवसाय उभे करते. पाककृतींचे एखादे संकेतस्थळ, एक यूट्यूब वाहिनी, ॲमेझॉनवर दोन निरनिराळ्या नावांनी विक्री, जोडीला हिशेबलेखनाचे ऑनलाइन वर्ग. प्रत्येकाचे उत्पन्न लहान. बेरीज मात्र बरी. मग एके दिवशी भांडवलाचा विषय निघतो. पाच व्यवसाय असल्यामुळे जोखीम आपोआप विभागली गेली आहे, तेव्हा गोदामातील रक्कम मोकळी करून किंवा घर तारण ठेवून आणखी तीन घेऊ या, असे मुलगा म्हणतो. वडिलांना नकार द्यायचा नसतो. परंतु होकार देण्यापूर्वी काय तपासावे, हे त्यांना उमगत नाही. आज त्या तपासणीविषयीच लिहितो.

बँकेत कर्जप्रस्ताव हाताळताना आम्हांला एक शिस्त पाळावी लागे. एका घराण्याच्या चार कंपन्या समोर आल्या, तरी त्यांना चार स्वतंत्र ऋणको मानायचे नाही. त्यांचा एक समूह धरायचा. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१९ पासून लागू केलेल्या मोठ्या कर्जांविषयीच्या चौकटीत हा विचार अधिक काटेकोर झाला. एका ऋणकोकडे बँकेच्या पात्र भांडवलाच्या सामान्यतः २० टक्क्यांपर्यंत आणि परस्परसंबंधित समूहाकडे २५ टक्क्यांपर्यंतच रक्कम गुंतवता येते. समूह ठरवताना केवळ मालकी पाहत नाहीत. एका उद्योगाची निम्मी किंवा त्याहून अधिक आवक दुसऱ्यावर अवलंबून असेल, अथवा दोघांची परतफेड एकाच स्रोतातून व्हायची असेल, तर मालक वेगळे असले तरी त्यांची जोखीम एकत्र मोजण्याचा प्रश्न उभा राहतो.

हीच फूटपट्टी मुलाच्या पाच व्यवसायांना लावून पाहावी. पाककृतींचे संकेतस्थळ, प्रवासाचे संकेतस्थळ आणि आरोग्यविषयक संकेतस्थळ असे तीन उपक्रम कागदावर दिसतात. परंतु तिन्हींकडे वाचक येतो तो गूगलच्या शोधातून, आणि जाहिरातीचा पैसा येतो तोही गूगलकडून. बँकेच्या हिशेबाने हा एकच व्यवसाय आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने शोधाच्या पद्धतीत ‘पांडा’ नावाने ओळखला जाणारा बदल केला. त्याचा परिणाम अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांवर होईल, असे त्या कंपनीनेच सांगितले होते. ज्यांची डझनभर संकेतस्थळे एकाच साच्यातून काढलेली होती, त्यांना त्या डझनाचा काहीही उपयोग झाला नाही. सारी एकदमच खाली आली. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत, इतरांच्या संकेतस्थळांवरून ग्राहक पाठवणाऱ्यांना मिळणारी दलाली कमी केली. फर्निचरवरील दर ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला. ग्राहक तेवढेच, श्रम तेवढेच, उत्पन्न मात्र निम्म्याहूनही कमी. आपल्याकडे २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होते. त्यावर चार वाहिन्या चालवणाऱ्याच्या चारही वाहिन्या एका निर्णयाने बंद झाल्या.

या संदर्भात थ्रासिओ या अमेरिकी कंपनीचे उदाहरण प्रत्येक व्यापारी कुटुंबाने समजून घेण्याजोगे आहे. २०१८ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने ॲमेझॉनवर विक्री करणारे लहान व्यवसाय विकत घेण्याचा सपाटा लावला. दोनशेहून अधिक नाममुद्रा तिने घेतल्या आणि भागभांडवल व कर्ज मिळून ३ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उभारली. वस्तू नाना प्रकारच्या होत्या, त्यामुळे विविधता भरपूर आहे असे वाटे. परंतु बहुतेक विक्री एकाच बाजारपेठेतून होई, कोविडकाळातील तेजी टिकून राहील असे धरून किमती मोजलेल्या होत्या, आणि डोक्यावर कर्ज होते. लोक पुन्हा दुकानांत जाऊ लागले, मागणी उतरली, माल गोदामात पडून राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीला दिवाळखोरी कायद्याचे संरक्षण मागावे लागले. वस्तूंची विविधता खरीच होती. मागणीच्या उतारासमोर तिचा उपयोग झाला नाही, इतकेच.

याच्या उलट टोरांटोच्या कॉन्स्टेलेशन सॉफ्टवेअरचे. १९९५ पासून ही कंपनी लहान-लहान सॉफ्टवेअर व्यवसाय घेत आली आहे. कोणी ग्रंथालयांसाठी, कोणी शहर बससेवेसाठी, कोणी क्लबांसाठी प्रणाली तयार करतो. यांचा ग्राहक वेगळा, पैसे देणारा वेगळा, आणि तो दरवर्षी देखभालीचे शुल्क भरणारा. खरेदीही मुख्यतः आधीच्या व्यवसायांच्या रोखीतून. आता हा पसारा अर्थातच घरगुती राहिलेला नाही, परंतु रीत लहान भांडवलालाही लावता येते.

तेव्हा प्रत्येक उपक्रमासमोर हे लिहून काढावे: गिऱ्हाईक कोठून येते, पैसा कोणाच्या हातून येतो, माल कोण पुरवतो, आणि काम प्रत्यक्षात कोण करतो. ज्या ओळींत तीच नावे पुन्हा येतील, त्या ओळी एकत्र कराव्यात. पाचाचे बहुधा दोन उरतात. (शेवटच्या रकान्यात एकाच मुलाचे नाव पाचदा आले, तर तो आजारी पडल्यावर काय, हेही विचारावे. एकत्र कुटुंबाचा लाभ येथे घेतला नाही, तर कोठे घ्यायचा?) या दृष्टीने वडिलांच्या पेढीकडे पाहिले, की एक गंमत लक्षात येते. पेठेतील ओळखीच्या गिऱ्हाइकांवर आणि उधारीच्या चोपडीवर चालणारे ते दुकान गूगलच्या किंवा ॲमेझॉनच्या निर्णयाने सहसा हलत नाही. घरातील सर्वांत वेगळी जोखीम तीच. तिचे भांडवल काढून त्याच ॲमेझॉनवर सहावे दुकान मांडल्यास व्यवसायांची संख्या वाढते आणि विविधता घटते. मी तरी अशा प्रस्तावावर शिफारस लिहिली नसती.

कायद्याच्या बाजूने पाहिले तरी हेच चित्र आहे. पाच नावे एकाच पॅनवर एकल मालकीत असतील, तर पेढी आणि मालक कायद्याने निराळे नसतात. एका नावावरचे देणे मालकाच्या इतर मालमत्तेतून वसूल होऊ शकते. ॲमेझॉनच्या धोरणानुसारही परस्परसंबंधित खात्यांपैकी एकावर कारवाई झाली, तर बाकीची बंद होऊ शकतात. मर्यादित दायित्वाची भागीदारी म्हणजे एलएलपी केल्यास काही आडोसा मिळतो. मात्र कर्जासाठी वैयक्तिक हमी दिली, की त्या कर्जापुरता तो आडोसा संपला. बँक ही हमी बहुधा मागतेच.

चालू संकेतस्थळ विकत घ्यायचे असेल, तर त्याची किंमत सहसा महिन्याच्या सरासरी नफ्याच्या पटीत सांगितली जाते. सरासरी किती महिन्यांची, हे आधी विचारावे. सहा महिन्यांची सरासरी दिवाळीचा हंगाम धरून काढली असेल, तर तीत फारसा अर्थ नाही. छत्तीस महिन्यांचा बँक उतारा मागावा. पडद्याची छायाचित्रे पुरावा म्हणून स्वीकारू नयेत. संकेतस्थळाचे नाव, ईमेल आणि ओटीपी येणारा मोबाइल क्रमांक कोणाच्या नावावर आहे, तेही पाहावे. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर ते असल्यास, हस्तांतर पूर्ण होईपर्यंत रक्कम देऊ नये.

प्रत्येक उपक्रमाचे बँक खाते वेगळे ठेवावे. ऑनलाइन बाजारपेठेतून येणाऱ्या रकमेतून जीएसटीपोटी १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आणि आयकरापोटी १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्वसाधारणपणे ०.१ टक्का कापला जातो. हा ताळमेळ दरमहा न घातल्यास लहान लहान रकमा वर्षअखेरीस सापडत नाहीत. एलएलपी करावी की एकल मालकीच ठेवावी, याचा खर्चासह तपशील पुढील अंकात पाहू.